तीन रोटरचं इंजिन बांधायचंय? आधी शाफ्टचं बघा

“दोनाचे तीन करायचे म्हणजे काय, मध्ये एक रोटर घालायचा आणि बोल्ट लांब घ्यायचे!” कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडवर येणारा दर दुसरा पोरगा हेच म्हणतो. तो बोलतोय रोटरी, म्हणजे वांकेल इंजिनाबद्दल: पिस्टनच्या जागी तिकोनी रोटर फिरतो ते. मोबाईलवर चार रोटरच्या गाडीचा आवाज ऐकून आलेला असतो, अंगात वारं भरलेलं असतं. मी वाद घालत नाही. मजदाच्या दोन रोटरच्या १३बी इंजिनाचा एक जुना शाफ्ट कपाटावर पडून आहे, तो काढतो आणि व्हर्निअरसकट त्याच्या हातात देतो. मेन जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मोज म्हणतो. ४३ मिलिमीटर येतं. आता ज्यावर रोटर बसतो तो लोब मोज. ७४ येतं, आणि तोही मध्यावर नाही, १५ मिलिमीटर बाजूला सरकलेला. म्हणजे केंद्रापासून लोबचं लांबचं टोक ५२ मिलिमीटरवर. मग विचारतो, “मधल्या रोटरला त्याचा स्थिर गिअर लागणार. त्या गिअरच्या पोटात ४३चं बेअरिंग. त्यातून हा लोब पलीकडं कसा काढणार?”

पोरगं गप्प होतं. मग चहा सांगायचा आणि कामाचं बोलायला लागायचं.

दोन रोटरच्या इंजिनात ही अडचण येतच नाही. प्रत्येक रोटरला एक स्थिर गिअर लागतो, प्लेटला घट्ट बसवलेला, ज्याभोवती रोटर फिरतो. पहिल्याचा पुढच्या प्लेटमध्ये, दुसऱ्याचा मागच्या प्लेटमध्ये. मधल्या प्लेटला गिअरही नाही आणि बेअरिंगही नाही, नुसतं मोठं भोक. अख्खा एकसंध शाफ्ट त्यातून आरामात जातो. तिसरा रोटर आला की त्याचा गिअर मधल्या एका प्लेटमध्ये बसवावा लागतो आणि शाफ्ट तोडून जोडीव करावा लागतो. मजदानं १९९० साली युनोस कॉस्मो गाडीत तीन रोटरचं २०बी इंजिन दिलं, त्यातही शाफ्ट दोन तुकड्यांत आहे, टेपरवर जोडलेला. चार रोटरला मधल्या दोघांचेही गिअर मधल्या प्लेटांत जातात आणि भानगड आणखी वाढते. या इंजिनातलं अवघड काम या जोडात आहे. बाकी सगळं चिकाटीचं आहे.

आधी थोडं गणित, मग पाने

रोटर तिकोनी, ज्या पोकळीत, म्हणजे हाउसिंगमध्ये, फिरतो ती कमरेत आवळलेल्या अंड्यासारखी. रोटरच्या आतल्या गिअरला ५१ दाते, स्थिर गिअरला ३४. हे ३ला २चं प्रमाण असल्यामुळं शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक. शाफ्ट ९,००० आरपीएमला असला तरी रोटर ३,०००नंच फिरत असतो. शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटर एक धक्का देतो. म्हणून दोन रोटर म्हणजे धक्क्यांच्या हिशेबानं चार सिलिंडर, तीन म्हणजे सहा, चार म्हणजे आठ.

क्षमता काढायचं सूत्र वहीत लिहून ठेवा: ३ गुणिले ३चं वर्गमूळ, गुणिले रोटरच्या केंद्रापासून टोकापर्यंतचं अंतर, गुणिले लोबचं सरकलेपण, गुणिले रोटरची रुंदी. १३बीला टोकापर्यंत १०.५ सेंटिमीटर, सरकलेपण १.५, रुंदी ८. गुणाकार केलात की ६५४ सीसी येतात, एका रोटरचे. दोनाचे १,३०८, तिनाचे १,९६२, चाराचे २,६१६. हे शेवटचे दोन आकडे मजदाच्या २०बी आणि आर२६बी इंजिनांचे आहेत, आणि ते असे जुळतात याचं कारण साधं आहे: मजदानंही रोटर तोच ठेवला, संख्या वाढवली. आर२६बी म्हणजे १९९१ साली ल मानची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या ७८७बी गाडीचं इंजिन. ९,००० आरपीएमला सुमारे ७०० अश्वशक्ती, दर रोटरला तीन स्पार्क प्लग.

यातून नवख्यानं घ्यायचं ते एवढंच, की आपला स्वतःचा रोटर काढण्याच्या फंदात पडू नये. १३बीचा रोटर, १३बीचं हाउसिंग, १३बीचे सील. शोध लावायची हौस शाफ्टवर आणि प्लेटांवर भागवा.

कोल्हापुरात काय करायचं, बाहेरून काय आणायचं

आपल्याकडं शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात बीडाचं (कास्ट आयर्नचं) ओतकाम होतं, त्यामुळं पोरांना वाटतं की हाउसिंगही इथंच ओतू. साइड प्लेटा बीडाच्या असतात, ते खरं. पण रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचं, त्याच्या आतून पोलादी पत्र्याचं अस्तर ओतकामातच बसवलेलं, त्यावर क्रोम. आणि आतला आकार गोल नाही, त्यामुळं साध्या बोअरिंग मशीनवर काही होत नाही. ग्राइंडिंगला खास मशीन लागतं. या पृष्ठभागानं भल्याभल्यांना रडवलंय. जर्मनीत फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन १९५७ साली एनएसयू कंपनीत फिरलं. मजदानं १९६१ साली त्यांच्याशी करार केला, आणि हिरोशिमात इंजिनं चालवली तर क्रोमवर आडव्या लाटा पडायला लागल्या. तिथल्या इंजिनिअरांनी त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव ठेवलं होतं. कॉस्मो स्पोर्ट १९६७ साली बाजारात आली ती हे ओरखडे गेल्यावर. त्यांना जे काम वर्षं खाऊन गेलं ते आपण रविवारी-रविवारी करणार नाही.

तेव्हा रोटर, रोटर हाउसिंग, स्थिर गिअर, सील, बेअरिंग हे बाहेरून. मजदा भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळं जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इकडून मागवायचं आणि कस्टमचा खर्च आधीच धरायचा. शाफ्ट, मधली जाड प्लेट, लांब टेन्शन बोल्ट, काउंटरवेट, ऑइल पॅन, इनटेक, एक्झॉस्ट हे सगळं आपल्या गावात होतं, आणि चांगलं होतं.

जुनी हाउसिंग घेताना प्लगच्या भोकांभोवती आणि कडांना नख फिरवा. क्रोमचा पापुद्रा निघालेला लागला तर ते हाउसिंग घेऊ नका, कितीही स्वस्त मिळू दे. साइड प्लेटवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज घाला: ४० मायक्रॉनपेक्षा जास्त वाकलेली असेल किंवा सीलनं १०० मायक्रॉनपेक्षा खोल पायरी पाडली असेल तर ग्राइंडिंग आणि लॅपिंग. एक मात्र बघा, प्लेटचा पृष्ठभाग नायट्राइड केलेला (नायट्रोजननं कडक केलेला) असेल तर ग्राइंडिंगमध्ये तो कडक थर जातो, पुन्हा करून घ्यावा लागतो.

हे सगळं करण्याआधी एक दोन रोटरचं १३बी पूर्ण उघडा आणि पूर्ण बांधा. चालू नाही झालं तरी चालेल. ज्यानं दोनाचं बांधलं नाही त्यानं तिनाचं बांधू नये.

शाफ्ट

लोबचं टोक ५२वर, म्हणजे फिरण्याचा व्यास १०४ मिलिमीटर. ११० किंवा त्याच्या वरचा गोल पोलादी बार घ्या, ईएन२४ किंवा नायट्रायडिंगसाठीच असलेला ईएन४०बी. बार आणला की आधी आतल्या चिरा शोधणारी अल्ट्रासोनिक तपासणी. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला हे टाळणारे लोक मी बघितलेत, आणि लोब ग्राइंड झाल्यावर चीर सापडली की त्यांचे चेहरेही बघितलेत. मग रफ टर्निंग, स्ट्रेस रिलीव्ह, तेलाची भोकं, ग्राइंडिंग, नायट्रायडिंग, शेवटचा हात, आणि मॅग्नाफ्लक्स, म्हणजे चुंबकानं चिरा बघायची तपासणी. तेलाची भोकं विसरून चालत नाही. रोटर आतून तेलानं थंड होतो आणि ते तेल शाफ्टमधल्या जेटमधूनच उडतं. तुकडे जोडल्यावर एका तुकड्याचं भोक दुसऱ्याच्या भोकाशी जुळलं पाहिजे, हे ड्रॉइंगवर बघायचं, लेथवर नाही.

तीन रोटरला लोब एकमेकांपासून १२० अंशांवर, चाराला ९० अंशांवर. जोड टेपरचा (निमुळता), कीसकट, म्हणजे तुकडे एकमेकांवर फिरू न देणाऱ्या पट्टीसकट, वर नट ओढून घेणारा. कीचा गाळा एक अंश चुकीच्या जागी पडला तर त्या रोटरचं सगळं टायमिंग एक अंशानं चुकलं म्हणून समजा. हे काम मी ज्या टर्नरकडून करून घेतो ते मामा सत्तरीचे आहेत, अजून थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलतात. त्यांना ‘दहा मायक्रॉन’ म्हटलं की ते मनात भागाकार करून “म्हणजे अर्ध्या थाऊच्या आत की” म्हणतात आणि कामाला लागतात.

टेपर झाला की ब्ल्यू, म्हणजे कुठं टेकतंय ते दाखवणारा निळा रंग, लावून बघायचा. हे जरा सावकाश सांगतो, कारण इथंच लोक घाई करतात. नर टेपर स्वच्छ पुसा, बोटावर अगदी कणभर ब्ल्यू घ्या आणि लांबीत तीन बारीक रेघा ओढा. रेघ इतकी पातळ हवी की खालचं पोलाद दिसलं पाहिजे. मादी टेपर सरळ सरकवा, पाव फेरा फिरवा, सरळ काढा. रेघा पूर्ण लांबीत सारख्या पसरल्या असतील तर टेपर बसला. आमचा पहिला टेपर फक्त मोठ्या तोंडाकडं निळा झाला होता, निमुळत्या बाजूच्या रेघा जशाच्या तशा. हातानं घट्ट बसत होता म्हणून मी म्हटलं चालतंय की. मामांनी माझ्याकडं बघितलं पण नाही, जॉब उचलला आणि परत मशीनवर लावला. “वर धरतोय, खाली नाचणार,” एवढंच बोलले. असा अर्धवट धरलेला टेपर लोडखाली सूक्ष्म हलतो, लालसर भुकटी सोडतो आणि शेवटी की कापतो. निदान ऐंशी टक्के लांबी निळी झाल्याशिवाय मी आता पुढं जात नाही.

प्लेटा आणि सरळ रेषा

तीन-चार बेअरिंग आता वेगवेगळ्या प्लेटांत आहेत आणि प्लेटा एकावर एक रचलेल्या. ती एका रेषेत नसतील तर शाफ्ट कितीही सुंदर असो, बेअरिंग खाणार. मोठ्या कारखान्यात सीएमएमवर, म्हणजे मापं घेणाऱ्या मशीनवर, बघतात. आपण एक ग्राउंड बार करून घ्यायचा, मेन जर्नलच्या मापाचा, पूर्ण लांबीचा. रोटर न घालता रिकाम्या प्लेटा आणि हाउसिंग रचायच्या, बोल्ट पूर्ण टाइट करायचे आणि बार घालून हातानं फिरवायचा. फिरला तर ठीक. अडला तर बोल्ट सैल करून कुठल्या प्लेटपाशी सुटतो ते बघायचं. जास्त रोटरच्या इंजिनाला मूळच्या डॉवेलपेक्षा (प्लेटा जागेवर धरणाऱ्या पिनांपेक्षा) जास्त डॉवेल का घालतात ते या बारनं कळतं. लांब इंजिन पिळवटतं.

मेन आणि रोटर दोन्ही बेअरिंगचं क्लिअरन्स ४० ते ८० मायक्रॉन, १००च्या वर गेलं तर बदला.

बॅलन्सिंग

इथं रोटरीवाल्याची चैन आहे. पिस्टनसारखं वरखाली काहीच होत नाही, सगळं गोल फिरतं, त्यामुळं काउंटरवेट लावून इंजिन पूर्ण बॅलन्स होऊ शकतं. फक्त १३बीची काउंटरवेट तीन रोटरला लावू नका, हिशेब वेगळा असतो. पंपांचे इंपेलर बॅलन्स करणाऱ्यांकडं हा शाफ्ट नेलात तर त्यांना आधीच सांगा की नुसता शाफ्ट मशीनवर फिरवून उपयोग नाही. प्रत्येक लोबवर रोटरच्या वजनाची, आतल्या तेलाचं वजन धरून, कडी लावावी लागते. न सांगितल्यास ते बिचारे नुसत्या लोबचं जड अंग ड्रिल करत सुटतील.

सील

तीन रोटरला टोकाचे सील ९, कोपऱ्याचे १८, बाजूचे १८, तेलाच्या कड्या १२. प्रत्येकाखाली स्प्रिंग. चहाच्या टेबलावर हे काम करू नका. चादर अंथरा, मुलांना बाहेर पाठवा. एक स्प्रिंग उडून मशीनखाली गेली की संध्याकाळ गेली.

टोकाचे सील पोलादी घ्यावेत की सिरॅमिक, हा वाद रात्रभर चालू शकतो. माझं मत: पहिल्या इंजिनाला पोलादी. सिरॅमिक कमी झिजतं, पण इंजिन ठोकायला (नॉकिंग करायला) लागलं की फुटतं आणि तुकडे हाउसिंग घेऊन जातात. पहिल्या इंजिनाचं ट्यूनिंग तुम्ही चुकणारच आहात.

बाजूचा सील घासणं हे कौशल्याचं काम. रोटर पाटावर आडवा ठेवा, कोपऱ्याचे सील बसवा, बाजूचा सील गाळ्यात ठेवून एक टोक कोपऱ्याच्या सीलला टेकवा आणि दुसऱ्या टोकाला फिलर गेज घाला. ५० मायक्रॉनचं पातं गेलं पाहिजे, १५०चं जाता कामा नये. ५०चं जात नसेल तर बारीक दगडावर सीलचं टोक तिरकंच ठेवून दोन हात, पुसा, परत मोजा. दोन हात, पुसा, मोजा. कमी केलेलं परत वाढत नाही. आणि ज्या गाळ्यासाठी घासला त्याच गाळ्यात तो जाणार, म्हणून अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर टाकून ठेवा. एका रोटरला दोन-तीन तास लागतात. लागू देत.

जुळणी

पुढची प्लेट खाली, तोंड वर करून ठेवा आणि वरवर रचत जा. पाण्याचे रबरी सील गाळ्यात व्हॅसलिननं चिकटवा. रोटरवर साधं इंजिन ऑइल. बोल्ट मधून बाहेर, आडव्या-तिडव्या क्रमानं, तीन टप्प्यांत. १३बीला शेवटचा टॉर्क ३.२ ते ४ किलोग्रॅम-मीटर आहे. तुमचे बोल्ट लांब आणि वेगळ्या पोलादाचे असतील तर बोल्ट बनवणाऱ्याशी बोलून आकडा ठरवा. प्रत्येक टप्प्यानंतर शाफ्ट हातानं फिरवून बघा.

आता माझी फजिती. पुढच्या टोकाला काउंटरवेटच्या आत थ्रस्ट निडल बेअरिंग असतं, स्पेसरवर टेकलेलं. रात्रीचे साडेदहा, रंकाळ्यावर भेळ खायला जायचं ठरलेलं, इंजिन स्टँडवर आडवं. मी पुढचा बोल्ट तसाच ओढला. इंजिन आडवं असल्यामुळं निडल बेअरिंग स्पेसरवरून घसरून मधे अडकलं होतं. डायल गेज लावला तर शाफ्टला पुढं-मागं काही हालचालच नाही. उघडलं तर सुया चपट्या झालेल्या. बोल्ट ओढताना इंजिनाचं पुढचं तोंड आभाळाकडं हवं, आणि पूर्ण टाइट होईपर्यंत आडवं करायचं नाही. मग डायल लावून शाफ्टची पुढं-मागं हालचाल मोजा: ४० ते ७० मायक्रॉन. जास्त आली तर पातळ स्पेसर, किंवा आहे तोच सर्फेस ग्राइंडरवर थोडा खाली. आपल्याकडं हे दहा मिनिटांचं काम आहे.

पोर्ट, तेल, ठिणगी

मूळचे साइड पोर्ट, म्हणजे बाजूच्या प्लेटांतली हवा आत घ्यायची भोकं, ठेवा. हाउसिंगमध्येच पाडलेल्या पेरिफेरल पोर्टची ताकद वरच्या आरपीएमला येते, आयडलला इंजिन उचक्या देतं, आणि आवाज शेजारच्या तीन शेडना नको होतो.

टोकाच्या सीलला तेल लागतंच. सीलला तेल सोडणारा मीटरिंग पंप काढला असेल तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल, लिटरला साधारण ८ मिलिलिटर. ऑइल कूलर मोठा घ्या, रोटरची सगळी उष्णता तेल बाहेर आणतं. दर रोटरला दोन प्लग असतात. खालचा लीडिंग आधी पेटतो, वरचा ट्रेलिंग काही अंश मागून. वायरिंग करताना हे दोन उलटे लागले की इंजिन ठोकणार, आणि रोटरी ठोकली की पहिला बळी टोकाचा सील. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त, ठिणगी उशिरा.

एक कागदोपत्री गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणं नोंदणी झालेल्या गाडीत असा मूलभूत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलंय. त्यामुळं ही गाडी ट्रॅकचीच. ट्रेलरवर टाकून कोइमतूरच्या करी स्पीडवेवर नाहीतर चेन्नईजवळच्या ट्रॅकवर न्यायची. ताराबाई पार्कात रात्री अकरा वाजता फिरवायची नाही.

पहिला स्टार्ट

प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून स्टार्टरनं फिरवा, तेलाचं प्रेशर येईपर्यंत. मग कॉम्प्रेशन. साधा गेज शेवटचा मोठा आकडा धरून बसतो, पण इथं एका रोटरला तीन खोल्या आहेत, तिन्हींचे ठोके वेगळे दिसले पाहिजेत. रोटरीचा टेस्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर गेजमधला व्हॉल्व्ह काढा आणि काटा तीनदा सारखा उडतो का बघा. मजदाच्या हिशेबानं २५० आरपीएमला (चौरस सेंटिमीटरला) ६ किलोच्या खाली काम नाही, आणि तीन खोल्यांत दीड किलोपेक्षा फरक नको. नव्या सीलवर सुरुवातीला आकडा कमी येतो, घाबरू नका.

चालू झालं की पांढरा धूर भरपूर येईल. ते व्हॅसलिन आणि जुळणीचं तेल. शटर पूर्ण उघडं ठेवा. वीस मिनिटं चालवून, तापमान एकदा वर जाऊन परत खाली आलं की बंद करा आणि तेल काढा. फिल्टर कापून त्यातला कागद उघडा आणि उन्हात धरा. थोडी काळी भुकटी चालते. तांबूस चमक दिसली तर इंजिन परत चालू करू नका, रोटर बेअरिंग बोलतंय. उघडा आणि आधी तो ग्राउंड बार शोधा.